सॅक्सोफोनवाल्याची स्वतःची तबकडी

ब्राझ गोन्साल्विस यांच्या सातजणांच्या बँडची ‘रागा रॉक’ ही तबकडी १९७० साली निघाली. ब्राझ हे गोव्यातल्या नेवरा गावचे सॅक्सोफोनवादक. त्या वेळी मुंबईत जॅझ येऊन जवळपास साडेतीन दशके लोटली होती. हिंदी चित्रपटगीतांत सॅक्सोफोन रोज वाजत होता, बड्या हॉटेलांतले नाचगाणे त्याच्याशिवाय होत नव्हते, आणि देशात या वाद्याचे उत्तम वादक चांगल्या संख्येने होते. तरीही वेष्टनावर सर्वांत आधी सॅक्सोफोनवादकाचे नाव आणि आत त्याच्या मनाप्रमाणे बांधलेले जॅझ, अशी तबकडी भारतात दुर्मीळच होती. इतका उशीर का झाला, याचे उत्तर वादकांच्या कुवतीत सापडत नाही. ते त्यांच्या रोजगारात सापडते.

अमेरिकेत जॅझवादकाची पहिली तबकडी हा ठरलेला टप्पा असे. तरुण वादक आधी दुसऱ्याच्या बँडमध्ये साथीला बसायचा, नाव झाले की एखादी कंपनी त्याला स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रण करायला बोलवायची. जॉन कोलट्रेन यांनी डिझी गिलेस्पी, जॉनी हॉजेस आणि माइल्स डेव्हिस यांच्या बँडमध्ये उमेदवारी केली. नायक म्हणून त्यांची पहिली तबकडी ३१ मे १९५७ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या राहत्या घरातल्या स्टुडिओत मुद्रित झाली. तेव्हा ते ३० वर्षांचे होते. अशी संधी मिळायची, कारण प्रेस्टिज, ब्लू नोट, रिव्हरसाइड अशा लहान कंपन्या नव्या वादकांच्या शोधात एकमेकींशी झुंजत होत्या. एका दुपारी पाच माणसे जमवून तबकडी काढणे त्यांना परवडत होते. भारतात १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाजार जवळजवळ सगळा ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे एचएमव्हीच्या हातात होता. तबकड्या दाबल्या जात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात, आणि त्या खपत गाणाऱ्याच्या नावावर.

सॅक्सोफोन हे वाद्य तसे नवे. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यांनी त्याचे पेटंट १८४६ साली पॅरिसमध्ये घेतले. नळी पितळेची, पण तोंडाशी वेताची पट्टी असल्यामुळे त्याची गणना सनई-क्लॅरिनेटच्या कुळात होते. साक्स यांच्या डोळ्यांसमोर लष्करी बँड होते, आणि भारतातही या जातीची वाद्ये प्रथम पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडमधूनच आली. जॅझचा प्रवेश मात्र हॉटेलांच्या दारातून झाला. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात उतरला. पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. स्मिथ यांच्या बँडने १९३६ साली मुंबईत ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यात स्थिरावले, युद्धकाळात तिथे त्यांनी बऱ्याच तबकड्या केल्या, आणि १९४५ साली पटकीने त्याच शहरात वारले.

या परदेशी बँडशेजारी बसून शिकणारे बहुतेक जण गोव्याचे ख्रिस्ती होते. त्यांची तयारी आधीच झालेली असे. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांत ‘मेस्त्र’ म्हणजे संगीतशिक्षक मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. घरच्या शेतावर भागेना, तेव्हा ही मुले मुंबईला येत, धोबीतलाव आणि माझगाव भागातल्या आपापल्या गावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहात, पथारी टाकत आणि बँडमध्ये जागा शोधत. समोर ठेवलेला कागद वाचून लगेच वाजवणे ही त्यांची मोठी जमेची बाजू होती. हल्दोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, आणि पुढे संगीत संयोजक झालेले फ्रँक फर्नांड हे याच वाटेने आले. सॅक्सोफोनवादकांत मिकी कोरिया यांच्या बँडने ताजमध्ये सुमारे दोन दशके काढली. रूडी कॉटन या नावाने गाजलेले टेनर सॅक्सोफोनवादक मात्र गोव्याचे नव्हते. ते मूळचे कावसजी खटाऊ, पारशी. पाश्चात्त्य संगीताच्या धंद्यात तेव्हा पाश्चात्त्य वाटणारे नाव घेणे सोयीचे पडे.

१९४०च्या दशकात चिक चॉकलेट यांच्या बँडच्या काही तबकड्या निघाल्या. पण त्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांच्या, मुख्यतः नाचासाठी केलेल्या. एकेका वादकाने पुढे येऊन सुचेल ते विस्ताराने वाजवायचे, यावर जॅझ उभे आहे. त्याला तीन मिनिटांत वाव मिळत नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्लेइंग तबकडी आल्यावर एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा मिळाली, आणि ‘अल्बम’ ही कल्पना जॅझच्या कामाची झाली. भारतात एलपी रुळेपर्यंत १९६०चे दशक उजाडले होते.

तोवर वादक दुसरीकडे निघून गेले होते. मुंबई प्रांताने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. मद्याशिवाय नाचघरे चालेनात, बँड लहान होत गेले. त्याच काळात हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद वाढत होते. ताडदेव, महालक्ष्मी, वांद्रे इथल्या स्टुडिओंमध्ये स्वरलिपी वाचणाऱ्या माणसांची गरज होती, कारण संगीतकार चाल पेटीवर सांगत आणि पन्नास जणांनी काय वाजवायचे ते कागदावर उतरवायला संयोजक लागे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या मंडळींनी हे काम केले. हॉटेलातल्या रात्रपाळीपेक्षा स्टुडिओतली दिवसपाळी अधिक पैसे देई. सॅक्सोफोनवादक सकाळी एका संगीतकाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे वाजवी. पाळीचे पैसे मिळत आणि हिशेब तिथेच संपे. तबकडीवर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे, गीतकाराचे नाव छापले जाई. वादकाचे नाव छापण्याची रीत नव्हती, आणि तसा कायदेशीर आधारही नव्हता. भारतीय प्रताधिकार कायद्यात सादरकर्त्याच्या हक्काचे कलम १९९४च्या दुरुस्तीने आले. तोपर्यंत या पिढीचा बहुतेक वाजवण्याचा काळ उलटून गेला होता.

या व्यवस्थेचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे मनोहारी सिंग. जन्म ८ मार्च १९३१, कलकत्ता, नेपाळी कुटुंबात. घरात पलटणीच्या बँडची परंपरा. पोरवयातच ते बाटानगरला बाटा कंपनीच्या बँडमध्ये दाखल झाले. तिथल्या हंगेरियन बँडमास्तरांच्या हाताखाली त्यांचे पाश्चात्त्य शिक्षण झाले आणि पुढे ते एचएमव्हीच्या कलकत्त्यातल्या वाद्यवृंदात गेले. सलील चौधरी यांच्या आग्रहावरून १९५८ साली ते मुंबईत आले. ‘काश्मीर की कली’ (१९६४) मधल्या मोहम्मद रफी यांच्या विषण्ण गाण्यात शब्दांइतकाच त्यांचा सॅक्सोफोन लक्षात राहतो. ‘गाइड’ (१९६५) आणि ‘आराधना’ (१९६९) मध्येही तेच आहेत. पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडे बासुदेव चक्रवर्ती आणि तालाची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर यांच्यासह ते मुख्य साहाय्यक झाले. १३ जुलै २०१० रोजी ते वारले, तेव्हा देशातल्या कोट्यवधी लोकांनी त्यांचे वादन ऐकलेले होते. नाव माहीत असलेले त्या मानाने थोडे.

मुंबईपासून दूर गेले की हा विरोध अधिक ठळक होतो. भिलाईचेच उदाहरण घ्या. हे हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचे गाव, म्हणजे भारतीय जॅझच्या दोन शहरांना जोडणाऱ्या रुळांवरच वसलेले. १९५९च्या फेब्रुवारीत तिथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सगळ्या भागांतली कुटुंबे कारखान्याच्या वसाहतीत राहायला आली; त्यांत मराठीही होती. अशा गावात कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटसारखी रेस्टॉरंटे नव्हती. सॅक्सोफोन पोचला तो रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवरच्या गाण्यांतून, आणि वरातीपुढच्या बँडमधून. बँडवाले गाण्यातला सॅक्सोफोनचा तुकडा कानाने उचलून क्लॅरिनेटवर किंवा खुद्द सॅक्सोफोनवर बसवीत. वरातीतल्या माणसाला तो तुकडा तोंडपाठ असे, पण मुळात तो कुणी वाजवला हे सांगणारे काहीच त्याच्या हाती नसे. जॅझ या देशात असे नकळत, गाण्याच्या पोटात शिरून पसरले.

वाद्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या एचएमव्ही काढीत असे, हेही इथे सांगायला हवे. मास्टर इब्राहीम यांची क्लॅरिनेट, व्हॅन शिपले यांची गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचे अॅकॉर्डियन घराघरांत ऐकले गेले. त्यांत वादकाचे नाव पुढे असे, पण चाल दुसऱ्याची आणि ती जवळपास जशीच्या तशी वाजवायची. त्यांची गोडी नाकारायचे कारण नाही. मात्र जॅझवादकाला हवी असलेली मोकळीक त्यांत नव्हती.

ती मोकळीक प्रथम मिळाली एका संगीतकार जोडीच्या नावाखाली. १९६८ साली एचएमव्हीने शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही एलपी काढली. चित्रपट नाही, गायक नाही. अकरा राग आणि जॅझचा लहान बँड. सतारीला रईस खाँ, आल्टो सॅक्सोफोन आणि बासरीला मनोहारी सिंग, ट्रम्पेटला जॉन परेरा, पियानोला लुसिला पाशेको, गिटारला दिलीप नाईक आणि अॅनिबल कॅस्ट्रो, बासला एडी ट्रॅव्हास, ड्रमला लेस्ली गोदिन्यो, तबल्याला रमाकांत. राग असे: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी. एरवी निनावी राहणाऱ्या स्टुडिओतल्या माणसांनी पुढे येऊन बोलावे, अशी ही तबकडी आहे. सॅक्सोफोनवादकाची पहिली तबकडी तिला म्हणता येणार नाही, पण त्या जागेच्या सर्वांत जवळ ती येते. अकरा राग एका एलपीत म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे. लांबीचा हिशेब चित्रपटगीताचाच राहिला. कंपनी आणि संगीतकार दोघांनाही सवय त्याचीच होती.

राग आणि जॅझ एकत्र आणताना नेमके काय अडते, हे या अकरा नावांवरून चांगले समजून घेता येते. जॅझमधला वादक स्वरसंघांच्या, म्हणजे कॉर्डच्या, साखळीवर चालतो. बारा मात्रागटांचा ब्लूज असो वा बत्तीस मात्रागटांचे गाणे, खालचा स्वरसंघ बदलला की वरच्या वादकाने आपले स्वर बदलायचे. ते चक्र पूर्ण झाले की पुन्हा पहिल्यापासून, तबल्याच्या आवर्तनाप्रमाणे. रागात खालचा षड्ज हलत नाही. स्वरसंघ बदलायला गेले की रागात नसलेला स्वर आत घुसतो आणि राग मोडतो. हा तिढा १९५९ नंतर काहीसा सैल झाला होता. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळण्याची वाट रूढ केली होती, आणि कोलट्रेन भारतीय संगीत कान देऊन ऐकत होते. १९६१ साली न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्यांनी वाजवलेल्या एका रचनेचे नावच ‘इंडिया’ आहे.

तरी सगळे राग सारखे वश होत नाहीत. कलावतीचे स्वर सा ग प ध आणि कोमल नी. ब्लूजमधल्या पायाच्या स्वरसंघाचे सगळे स्वर त्यात आहेत, वर एक धैवत जादा, आणि तोही जॅझला परका नाही. कलावती वाजवताना पियानोवाल्याला काही सोडावे लागत नाही आणि गाणाऱ्यालाही राग बिघडल्यासारखे वाटत नाही. शिवरंजनी पाच स्वरांची, कोमल गंधाराची. तीही पटकन जुळते. मालकंस वरवर ब्लूजचा भाऊ वाटतो, कोमल ग आणि कोमल नी दोन्हीकडे आहेत, पण त्यात पंचम नाही. बास वाजवणाऱ्याचा हात सवयीने षड्जावरून पंचमावर जातो आणि मालकंस तिथेच संपतो. तोडीत रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. तिच्यावर पियानोचे नेहमीचे स्वरसंघ सहज बसत नाहीत. मियाँमल्हार सर्वांत अवघड. त्याचा कोमल गंधार आंदोलित आहे, तो एका जागी थांबतच नाही, आणि सॅक्सोफोनला तर चाव्या आहेत.

चाव्यांचा प्रश्न या वाद्याच्या मुळाशीच आहे. बासरीवर बोट हळूहळू सरकवून भोक उघडता येते, त्यातून मींड निघते. सॅक्सोफोनचे भोक चावीच्या गादीखाली झाकलेले असते. ते उघडे किंवा बंद. मग स्वर वळवायचा तो ओठांनी. पट्टीवरचा दाब कमी-जास्त करून, घशाची पोकळी बदलून, कधी ठरल्यापेक्षा वेगळी बोटे ठेवून वादक एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जातो. जॅझवाल्याला ही कला अवगत असते, कारण ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी वाकलेला लागतो. म्हणून पलटणीच्या बँडमधून थेट आलेल्या वादकापेक्षा ब्लूजवर पोसलेला सॅक्सोफोनवादक रागाच्या अधिक जवळ जातो. वाद्य दोघांचे एकच असले तरी.

लंडनमध्ये हाच प्रयोग थोडा आधी झाला होता. कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक आणि रचनाकार जॉन मेयर आणि जमैकाचे आल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ साली ‘इंडो-जॅझ सूट’ ही तबकडी केली. पाच जॅझवादक आणि पाच भारतीय वाद्यांची बाजू अशी ती जोडणी. सतारीला दिवाण मोतीहार. पुढे ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ आली. मेयर यांचे काम कागदावर बारीक आखलेले आणि शिस्तीचे. मुंबईची तबकडी त्या मानाने मोकळी, चालींत रमणारी, थोडी चित्रपटाच्या पार्श्वसंगीताकडे झुकणारी. विद्वत्तेत लंडन वरचढ, पण कलावती किंवा शिवरंजनीसारख्या रागाचे गाणे कुठे होते हे मुंबईच्या मंडळींना उपजत ठाऊक होते.

‘रागा रॉक’ या दोन्हींनंतरची. तिच्या शीर्षकात जॅझ शब्द नाही, हे काळाला धरून आहे: सतार बीटल्सच्या गाण्यांत गेली होती आणि तरुणांना रॉक हवे होते. महत्त्वाचा फरक नावाचा. इथे संगीतकार वा गायक पुढे नाही. सात जणांचा बँड सॅक्सोफोनवादकाच्या नावाने ओळखला जातो. ब्राझ चित्रपटांच्या पाळीवर विसंबून न राहता मंचावर वाजवत राहिलेल्यांपैकी होते, आणि अशा माणसाकडूनच ही तबकडी यावी यात नवल नाही. १९७०च्या दशकात ते कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या ब्लू फॉक्स रेस्टॉरंटमध्ये गायिका पॅम क्रेन आणि दार्जिलिंगहून आलेले पियानोवादक लुई बँक्स यांच्यासोबत होते. कलकत्त्यात मुंबईसारखी दारूबंदी नव्हती, त्यामुळे तिथे रोज रात्री श्रोत्यांसमोर वाजवण्याची सोय अधिक काळ टिकली. चिक चॉकलेट यांची कन्या इव्हॉन ही ब्राझ यांची पत्नी. म्हणजे १९३०च्या पिढीचे घर आणि १९७०चे घर एकच झाले.

या तबकड्यांचा खप चित्रपटगीतांच्या तुलनेत किरकोळ होता. त्यांना पुढे वाट मिळाली ती मंचावर. निरंजन झवेरी आणि ‘जॅझ इंडिया’ ही संस्था यांनी १९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली. स्थळ धोबीतलावचे रंगभवन. पाहुण्यांत टेनर सॅक्सोफोनचे सम्राट सनी रोलिन्स होते. त्यांना मुंबई नवी नव्हती, १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेले होते. ब्राझ आणि लुई बँक्स यांनी या काळात कर्नाटक संगीतातल्या गायिका रमामणी यांना सोबत घेऊन युरोपात कार्यक्रम केले. इथे जोडणी बदलली. ब्राझ यांचा सॅक्सोफोन स्वरांनी बोलणाऱ्या गळ्याच्या शेजारी उभा राहिला आणि तालाचे गणित दक्षिणेकडून आले. नंतर ब्राझ हळूहळू या धंद्यातून बाजूला झाले, गोव्यात परतले आणि धार्मिक कार्यात रमले.

स्टुडिओतल्या वादकाने स्वतःच्या नावाने तबकडी काढण्याचा आणखी एक प्रसंग १९८२ सालचा. गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्या वेळी तिकडे कुणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातल्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. सॅक्सोफोनच्या बाबतीत धागा दक्षिणेत गेला. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य पाहिले आणि ते पूर्णपणे कर्नाटक पद्धतीने वाजवले. २००८ साली अमेरिकेतले आल्टो सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांच्यासह त्यांची ‘किन्समेन’ निघाली. तिच्या वेष्टनावर दोन भारतीय नावे आहेत आणि दोन्ही सॅक्सोफोनवाल्यांची.